बोर्नव्हिटाचं गाव

मुलांनो, सकाळी दुधात बोर्नव्हिटा घालून पिणारे तुमच्यात किती जण आहेत? हात वर करा पाहू! आता दुसरा प्रश्न. हे नाव आलं कुठून? माझ्या वर्गात मी हा प्रश्न विचारला, तेव्हा एकानं उभं राहून सांगितलं, "बाई, ज्या शास्त्रज्ञानं शोध लावला, त्याचं आडनाव बोर्नव्हिटा असणार!" सगळा वर्ग खो खो हसला. पण खरं उत्तर कुणालाच आलं नाही.

हे नाव एका वस्तीवरून पडलं, बरं का. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहराच्या दक्षिणेला बोर्नव्हिल नावाची वस्ती आहे. माझी ताई, भावजी आणि माझा नऊ वर्षांचा भाचा तिथे राहतात. गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे चांगले पाच आठवडे राहून आले.

तुम्ही म्हणाल, बाई, लंडनचा राजवाडा सांगा, तो उंच पूल सांगा, मेणाचे पुतळे सांगा! ते सगळं तुम्हाला पुस्तकांत मिळेल. मी सांगणार आहे एका साध्या गल्लीची गोष्ट. त्या गल्लीत रोज राहायचं म्हणजे कसं, हे पुस्तकात फारसं सापडत नाही.

शांत, शांत, फारच शांत!

बर्मिंगहॅमच्या मोठ्या स्टेशनवरून लोकल गाडीत बसलं की साधारण दहा मिनिटांत बोर्नव्हिल येतं. स्टेशनवरचे खांब आणि पाट्या जांभळ्या रंगाच्या. हो, तोच आपल्या ओळखीचा चॉकलेटच्या वेष्टनाचा जांभळा! कारण स्टेशनाला लागूनच कॅडबरीचा कारखाना आहे. वारा आपल्या बाजूचा असला, तर चॉकलेटचा वाससुद्धा येतो. भाचा म्हणाला, "मावशी, मला आता वास येतच नाही. सवय झाली." घ्या! चॉकलेटच्या वासाचीसुद्धा सवय होते.

ताईचं घर लाल विटांचं, उतरत्या छपराचं. दोन घरं एका भिंतीनं जोडलेली, पाठीला पाठ लावून उभ्या राहिलेल्या जुळ्या भावांसारखी. पुढे छोटीशी बाग, मागे मोठी बाग. दगडी गडगा नाही की लोखंडी फाटक नाही. दोन घरांमध्ये कमरेएवढं हिरवं झुडपांचं कुंपण, कात्रीनं सारखं कापलेलं. दाराला एक आडवी फट. पोस्टमन त्यातून पत्रं आत सारतो. बेल वाजवत नाही, "पोस्ट!" म्हणून ओरडत नाही. टप्प असा आवाज येतो, की समजायचं पत्र आलं.

पहिल्या दिवशी मला पहाटे पाचला जाग आली, तर बाहेर लख्ख उजेड! आणि रात्री नऊ वाजले तरी उजेड जात नाही. मे-जूनमध्ये तिथे दिवस असा लांबलचक असतो. भाच्याला उजेडातच झोपायला पाठवतात आणि तो रोज भांडतो, "अजून रात्र झालीच नाही!"

मी खिडकीत बसून कान देऊन ऐकत होते. कुकरची शिट्टी नाही. मासेवालीची हाक नाही. कुठे रेडिओ नाही, कुत्र्यांची भांडणं नाहीत, एसटीचा हॉर्न नाही. एक पक्षी तेवढा शिळ घालत होता. आठ वाजता दारं उघडली, माणसं बाहेर पडली. एकमेकांना म्हणाली, "छान हवा आहे, नाही?" "हो ना, पण दुपारी पाऊस येईल." झालं! संपलं बोलणं. कुणी कुणाच्या घरी सहज डोकावत नाही. जायचं असेल तर आधी फोन करायचा, वेळ ठरवायची.

आमची ताई कोकणातल्या वाडीत वाढलेली. तिथे वाटी घेऊन साखर मागायला जायचं आणि दोन तास गप्पा मारून यायचं, ही पद्धत. ताई म्हणाली, "पहिले सहा महिने मी रडायचीच राहिले होते. या घरांत माणसं राहतात की नुसते पडदे राहतात, असं वाटायचं."

मग एक गंमत झाली. गंमत कसली, मोठं संकटच होतं ते!

अळूवडीची फजिती

ताई तिथे ऑक्टोबरात गेली होती. तिथला हिवाळा म्हणजे सगळी झाडं बोडकी, दुपारी चारलाच अंधार. एप्रिलमध्ये मागच्या बागेच्या कोपऱ्यात जमिनीतून काहीतरी वर आलं. मोठी मोठी, सुपाएवढी हिरवी पानं आणि लालसर जाड देठ. ताईला आनंद झाला. "अगं बाई, अळू!" ती धावतच घरात गेली. बेसन काढलं, चिंच भिजत घातली, गूळ चिरला. मग सुरी घेऊन बागेत आली आणि एकेक पान कापून परातीत ठेवायला लागली.

तेवढ्यात कुंपणापलीकडून जोरात हाक आली. "नो! नो! स्टॉप!"

शेजारच्या आजी होत्या त्या, ऐंशीच्या घरातल्या. सहा महिन्यांत "गुड मॉर्निंग"च्या पुढे एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या आज हातातली झारी टाकून कुंपणाशी आल्या होत्या आणि हातवारे करत होत्या. ताई घाबरलीच. आपण कुठला नियम मोडला?

नियम नव्हता. ते अळू नव्हतंच! ते होतं रूबार्ब. त्याचे देठ आंबट असतात. साखर घालून शिजवले की फार छान लागतात. पण पानं विषारी! वडी करून खाल्ली असती, तर दवाखाना गाठावा लागला असता. म्हणून सांगते मुलांनो, ओळखीसारखं दिसलं म्हणून परक्या ठिकाणी कुठलंही पान तोडून तोंडात घालायचं नाही.

आजींनी पानं स्वतः उचलून खताच्या खड्ड्यात टाकली, देठ तेवढे ठेवले आणि ते कसे शिजवायचे ते दाखवायला ताईच्या स्वयंपाकघरात आल्या. फोन न करता! भिजत घातलेली चिंच पाहून त्यांनी विचारलं, "हे काय?" ताईनं चिमूटभर चाखायला दिली. आजींनी डोळे घट्ट मिटून घेतले. म्हणाल्या, "हे तर रूबार्बचं मोठं भावंड!"

त्या दिवसापासून कुंपणावरून वाट्या जायला-यायला लागल्या. त्या सफरचंदाची चटणी द्यायच्या, ताई कांदाभजी. पुढे आजींनी आपल्या घराची एक जादा किल्ली ताईला देऊन ठेवली. ती किल्ली लक्षात ठेवा हं, तिचं काम पुढे आहे.

ही वस्ती वसवली कुणी?

या आजींचे वडील चॉकलेटच्या कारखान्यात कामाला होते. वस्तीची हकिगत मला त्यांनीच पहिल्यांदा सांगितली.

१८२४ साली जॉन कॅडबरी नावाच्या गृहस्थांनी बर्मिंगहॅममध्ये चहा, कॉफी आणि पिण्याचं चॉकलेट विकायचं दुकान काढलं. १८६१ मध्ये रिचर्ड आणि जॉर्ज या त्यांच्या मुलांनी धंदा हाती घेतला. तेव्हाचं बर्मिंगहॅम म्हणजे धूर, काजळी आणि दाटी. कामगारांची घरं एकमेकांना पाठी चिकटवून बांधलेली. मागच्या बाजूला खिडकीच नाही! कित्येक घरांत मिळून अंगणात एक नळ आणि दोन-चार संडास. मुलं खेळणार कुठे?

दोघा भावांनी १८७९ साली कारखाना शहराबाहेर, शेतांमध्ये नेला. शेजारी कालवा आणि रेल्वे होती, त्यामुळे माल आणायची-न्यायची सोय होती. जवळून बोर्न नावाचा ओढा वाहत होता. त्याला त्यांनी 'व्हिल' हा फ्रेंच शब्द जोडला. व्हिल म्हणजे गाव. त्या काळी फ्रेंच चॉकलेट सर्वांत भारी समजलं जायचं ना, म्हणून नावात थोडा फ्रेंच थाट! आणि या बोर्नव्हिलवरून पुढे बोर्नव्हिटा.

जॉर्ज कॅडबरींनी १८९३ साली कारखान्याजवळची १२० एकर जमीन घेतली आणि १८९५ पासून तिथे घरं बांधायला सुरुवात केली. विल्यम अलेक्झांडर हार्वे या तरुण वास्तुकारानं ती आखली. नियम असा, की घरानं आपल्या जागेचा चौथा हिस्साच व्यापायचा. बाकी बाग! माणूस राहायला येण्याआधीच बाग खणून, फळझाडं लावून तयार असायची. दिवसभर कारखान्यात उभं राहणाऱ्याला संध्याकाळी मातीत हात घालायला मिळावा, ही कल्पना. ही घरं फक्त कॅडबरीच्या कामगारांसाठी नव्हती. इतरांनाही तिथे राहता येत होतं.

आणि १९०० साली त्यांनी काय केलं ठाऊक आहे? ३००हून जास्त घरांची ही सगळी वस्ती एका ट्रस्टला देऊन टाकली. भाड्यातून येणारा पैसा कुटुंबाकडे न जाता वस्तीच्याच कामी लागावा, म्हणून. हा बोर्नव्हिल व्हिलेज ट्रस्ट आजही आहे. कॅडबरी कंपनी मात्र २०१० मध्ये एका अमेरिकन कंपनीनं विकत घेतली.

रंग कोणता? विचारून सांगते!

अशा वस्तीत राहायचं म्हणजे नियमही पाळायचे. घराच्या पुढच्या बाजूला मनाला येईल तसा बदल करायचा नाही. आधी ट्रस्टची परवानगी घ्यायची. पुढचं कुंपण नीट ठेवायचं. कॅडबरी कुटुंब क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं. दारूमुळे गरीब घरांची होणारी धूळधाण त्यांनी पाहिली होती. म्हणून वस्तीत पब, म्हणजे दारू पिण्याची जागा, बांधू दिली नाही. आजही तिथे पब नाही.

मी ताईला विचारलं, "एवढे नियम? जाच नाही वाटत?"

ताई म्हणाली, "आधी वाटायचा. माझ्या दाराचा रंग मी का विचारू? पण मग लक्षात आलं, की माझी बाग मी एकटी पाहत नाही. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण पाहतो." थोडं थांबून म्हणाली, "तरी कधी कधी वाटतं, झेंडूच्या रंगाचं दार असतं तर बरं झालं असतं!"

तुम्हाला काय वाटतं? घर आपलं, पण गल्ली सगळ्यांची. मग दाराचा रंग कुणी ठरवायचा? वर्गात या विषयावर वादविवाद घ्या. माझ्या वर्गात घेतला, तर तास संपला तरी भांडण संपेना!

चॉकलेटची कडू बाजू

भाच्याला शाळेत वस्तीच्या इतिहासावर प्रकल्प करायचा होता. आम्ही दोघं मिळून वाचत होतो. वाचता वाचता तो एकदम थांबला. "मावशी, हे बघ."

चॉकलेट कोकोच्या बियांपासून होतं. कोको इंग्लंडच्या थंडीत उगवत नाही. त्या वेळी कॅडबरीचा बराचसा कोको आफ्रिकेजवळच्या साओ टोमे आणि प्रिन्सिपे या बेटांवरून यायचा. तिथे पोर्तुगीजांचं राज्य होतं. मळ्यांवर राबणारी माणसं अंगोलातून आणलेली असत. कागदावर ती मजूर होती, पण खरी परिस्थिती गुलामगिरीची होती. १९०१ साली ही गोष्ट कॅडबरींच्या कानावर आली. त्यांनी चौकशीसाठी माणूस पाठवला, पोर्तुगीज सरकारकडे दाद मागितली. पण तिथला कोको घेणं थांबवलं ते १९०९ साली. मग ते गोल्ड कोस्टकडून, म्हणजे आजच्या घानाकडून कोको घेऊ लागले.

एका वर्तमानपत्रानं त्यांना ढोंगी ठरवलं. कॅडबरींनी अब्रूनुकसानीचा दावा लावला आणि ते जिंकले. भरपाई किती मिळाली सांगा? एक फार्दिंग. एका पेनीचा चौथा भाग! निकाल त्यांच्या बाजूनं लागला, पण हातात पडलं ते सर्वांत लहान नाणं.

भाच्यानं बोटांवर मोजलं. "आठ वर्षं! मावशी, इथल्या मुलांसाठी सफरचंदाची झाडं लावली आणि तिथल्या माणसांसाठी आठ वर्षं लावली?"

मी बाई असूनही मला लगेच उत्तर देता आलं नाही. मी एवढंच म्हटलं, "हा प्रश्न प्रकल्पात लिही. खोडू नकोस." त्यानं लिहिला. एका पानावर बागेचं चित्र आणि दुसऱ्या पानावर त्या बेटांचा नकाशा. मला वाटतं, दोन्ही पानं एकाच वहीत असणं बरोबर आहे.

घंटा आणि गोफ

भाच्याची शाळा सुटली की मी त्याला आणायला जायची. रस्ता ओलांडायच्या जागी पिवळा झगझगीत कोट घातलेल्या एक बाई हातात उंच काठीवर गोल पाटी घेऊन उभ्या असत. त्यांनी पाटी आडवी धरली, की मोठमोठ्या गाड्या चुपचाप थांबायच्या. मुलं ऐटीत पलीकडे जायची.

वस्तीच्या मधोमध हिरवळीचं मैदान आहे. मैदानात आठ कोनांची एक टुमदार वास्तू आहे. कारखान्यातल्या लोकांनी जॉर्ज आणि एलिझाबेथ कॅडबरी यांच्या लग्नाच्या २५ वर्षांची आठवण म्हणून ती बांधून दिली. बाजूलाच लाकडी चौकटींचं एक जुनं घर आहे, सेली मॅनर. ते पाडलं जाणार होतं. जॉर्ज कॅडबरींनी १९०७ मध्ये ते विकत घेतलं, त्याचा एकेक भाग सुटा केला आणि इथे आणून पुन्हा उभं केलं. १९१७ पासून तिथे संग्रहालय आहे. अख्खं घर हलवलं, विचार करा!

आणि समोरच्या शाळेच्या मनोऱ्यात ४८ घंटा आहेत. बेल्जियममधल्या ब्रुज शहरात अशा घंटा ऐकून जॉर्ज कॅडबरींना त्या फार आवडल्या. १९०६ साली त्यांनी इथे बसवल्या. तेव्हा २२ होत्या, पुढे वाढवल्या. पेटीसारखी लाकडी पट्ट्यांची रांग असते. वाजवणारा त्यांच्यावर मुठी मारतो आणि पायांनी खालच्या पट्ट्या दाबतो. शनिवारी आम्ही हिरवळीवर बसून ऐकलं. एरवी मुकी वाटणारी वस्ती तेव्हा बोलायला लागते.

उन्हाळ्यातल्या जत्रेसाठी मुलांचा सराव चालला होता. मधे उंच खांब, वरून रंगीत फिती सोडलेल्या. मुलं फिती धरून आत-बाहेर नाचतात आणि खांबावर वेणी विणली जाते. मी ओरडलेच, "अगं ताई, हा तर आपला गोफ!" कोकणात, गोव्यात शिमग्याला गोफ विणतात, अगदी तसाच.

आणखी एक ओळखीची खूण सांगते. जॉर्ज कॅडबरींचं वुडब्रुक नावाचं घर इथून पायी जाण्याइतक्या अंतरावर आहे. ते त्यांनी १९०३ मध्ये क्वेकरांच्या अभ्यासकेंद्राला दिलं. गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडला गेलेले गांधीजी १९३१ च्या ऑक्टोबरात तिथे आले होते.

पडदा उघडला नाही

माझे परत यायचे चार दिवस उरले होते. सकाळचे नऊ वाजले. ताई चहा गाळता गाळता खिडकीशी थांबली. "आजींचा पडदा अजून बंद आहे."

"झोपल्या असतील," मी म्हटलं.

"सात म्हणजे सातला उघडतात त्या." ताईनं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग तिनं खिळ्यावरची ती किल्ली घेतली. दाराशी पोचल्यावर मात्र क्षणभर घुटमळली. न विचारता कुणाच्या घरात शिरायचं नाही, ही तिथली रीत. मग तिनं दार उघडलं.

आजी स्वयंपाकघरात फरशीवर पडलेल्या होत्या. पाय घसरला होता, उठता येत नव्हतं. शुद्धीवर होत्या, पण थंडीनं कुडकुडत होत्या. ताईनं ९९९ ला फोन केला. मी त्यांच्या अंगावर दुलई घातली आणि हात धरून बसले. त्या मला म्हणाल्या, "मला ठाऊक होतं, ती पडदा बघेल."

पाय मोडला नव्हता, फक्त मुरगळला होता. मी निघाले तेव्हा आजी काठी टेकत कुंपणाशी आल्या आणि सफरचंदाच्या चटणीची बरणी माझ्या हातात ठेवली.

मी घरी आले आणि दुसऱ्या दिवसापासून शाळा सुरू झाली. आमच्या गावात आता चार मजल्यांच्या इमारती झाल्या आहेत. एका मजल्यावर चार दारं, चारही बंद. त्यातल्याच एकीत मी राहते. जिना उतरताना मी समोरच्या दाराकडे पाहिलं. तिथे एक आजोबा एकटे राहतात, एवढंच मला ठाऊक होतं. ते किती वाजता दार उघडतात, हे ठाऊक नव्हतं.

आता ठाऊक आहे. साडेसहाला, दुधाची पिशवी घ्यायला. चटणीची अर्धी बरणी त्यांच्याकडे गेली आहे.

मुलांनो, आज घरी गेल्यावर एक काम करा. एका कागदावर आपली गल्ली, वाडी किंवा जिना काढा. प्रत्येक दारावर तिथे राहणाऱ्या माणसांची नावं लिहा आणि त्यांचं दार सकाळी किती वाजता उघडतं तेही लिहा. आई-बाबांना मदतीला घ्या. जी जागा कोरी राहील, त्या दाराची बेल रविवारी वाजवा.